घरगुती होलोग्राफी

घरच्या घरी, साध्या लाल लेझर डायोडने, होलोग्राफीच्या खास फिल्मवर किंवा काचेच्या प्लेटवर एखाद्या छोट्या वस्तूची त्रिमितीय प्रतिमा उतरवायची, याला घरगुती होलोग्राफी म्हणतात. नवशिके बहुतेक डेनिस्युक पद्धतीनेच सुरुवात करतात, कारण तिच्यात लेझरचा एकच झोत, एक प्लेट आणि प्लेटला जवळजवळ टेकवून ठेवलेली वस्तू एवढंच लागतं, आरसे-भिंगांचा पसारा नाही. आणि तयार झालेला होलोग्राम बघायला परत लेझर लागत नाही, मोबाईलच्या टॉर्चखाली किंवा उन्हात धरला तरी तो दिसतो.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. प्लॅस्टिकचा पिरॅमिड मोबाईलवर ठेवून त्यात तरंगणारं फुलपाखरू दिसतं, त्याला सगळीकडे "घरी बनवा होलोग्राम" म्हणतात, पण तो होलोग्राम नाही. ती तिरप्या पारदर्शक पडद्यावरची परावर्तित सपाट प्रतिमा आहे, 1862 साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपरने रंगमंचावर भूत दाखवायला हीच युक्ती वापरली होती. 2014 च्या लोकसभा प्रचारात एकाच वेळी अनेक गावांत स्टेजवर जे थ्रीडी भाषण दिसलं तेही ह्याच जातीचं. खऱ्या होलोग्राममध्ये तुम्ही डोकं डावीकडे नेलं की वस्तूची डावी बाजू दिसते, पुढच्या गोष्टीमागे लपलेली मागची गोष्ट बाहेर येते, आणि हे सगळं एका सपाट काचेत.

हे होतं कसं? साध्या फोटोत प्रत्येक ठिकाणी प्रकाश किती पडला एवढंच नोंदवलं जातं, तो कुठल्या दिशेने आणि लहरीच्या कुठल्या टप्प्यावर आला ती माहिती हरवून जाते. डेनिस्युक पद्धतीत लेझरचा प्रकाश आधी प्लेटमधून आरपार जातो, मागच्या वस्तूवर आपटतो आणि परत प्लेटमध्ये येतो, म्हणजे फिल्मच्या थराच्या आतच जाणारा आणि येणारा प्रकाश एकमेकांना भिडतात, आणि जिथे लहरी एकमेकींना साथ देतात तिथे उजेडाचे अतिशय बारीक थर तयार होतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकामागे एक. लाल लेझरसाठी दोन थरांतलं अंतर साधारण 0.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतं, म्हणजे सात मायक्रॉन जाडीच्या इमल्शनमध्ये (प्लेटवरच्या प्रकाश टिपणाऱ्या लेपात) असे तीसेक थर बसतात. हेच थर नंतर छोट्या आरशांसारखं काम करतात आणि पांढऱ्या प्रकाशातून आपल्यापुरता एक रंग निवडून परत पाठवतात, म्हणून टॉर्चखाली प्रतिमा दिसते.

मूळ कल्पना हंगेरीत जन्मलेल्या डेनिस गॅबॉरची, 1947 मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी गावात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारायच्या नादात त्याला ती सुचली, पण तेव्हा लेझरच नव्हता त्यामुळे ती बरीच वर्षं तशीच पडून राहिली. 1960 ला लेझर आला आणि मग पटापट गोष्टी घडल्या, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लीथ आणि उपातनिक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा गाजलेला होलोग्राम केला, आणि तिकडे सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला युरी डेनिस्युकने 1962 मध्ये वर सांगितलेली पद्धत प्रसिद्ध केली. त्याने ती लेझरशिवाय, पाऱ्याच्या दिव्यावर केली होती, हे मला आजही थोर वाटतं. गॅबॉरला नोबेल मिळालं 1971 साली.

पण हे सगळं प्रयोगशाळेतलं. घरात ते आणलं वाळूने.

त्या काळी होलोग्राम करायचा तर हवेच्या आधारावर तरंगणारं जड ग्रॅनाइटचं किंवा पोलादाचं टेबल लागायचं, आणि ते कुठल्याही हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत लॉइड क्रॉस (हा मूळचा लेझरवर काम करणारा भौतिकीवाला) आणि जेरी पेथिक नावाचा शिल्पकार यांनी त्याला पर्याय काढला: फुगवलेल्या टायर ट्यूबांवर एक मोठी लाकडी पेटी ठेवायची, ती वाळूने भरायची, आणि आरसे-भिंगं प्लॅस्टिकच्या पाइपांच्या तुकड्यांना चिकटवून ते पाइप सरळ वाळूत खोचायचे. वाळू जड, म्हणून जमिनीची थरथर तिला सहज हलवत नाही, ट्यूबमधली हवा उरलेलं पिऊन टाकते, आणि पाइप कुठेही कसाही फिरवून खोचता येतो. तिथल्या होलोग्राफीच्या शाळेत चित्रकार, विद्यार्थी, कोणीही येऊन शिकायचं. घरगुती होलोग्राफीचा खरा जन्म मी इथेच मानतो.

कारण ह्या छंदातली मुख्य अडचण लेझर नाही आणि पैसा पण नाही, ती आहे स्थिरता. लाल प्रकाशाची तरंगलांबी 0.65 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभरेक लहरी मावतात. एक्सपोजर (प्लेटवर प्रकाश पाडणं) चालू असताना वस्तू आणि प्लेट एकमेकींच्या तुलनेत ह्या एका लहरीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त हलता कामा नये. हलली तर थर पुसले जातात आणि प्रतिमा अंधुक होत नाही, ती येतच नाही, सरळ काळी काच हातात येते! म्हणून पंखा बंद, एसी बंद, फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट बघायची, वॉशिंग मशीन चालू असेल तर विषयच सोडा. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी लिफ्ट आणि खालच्या रस्त्यावरच्या ट्रकचा विचार करावा आणि रात्री एक-दोनची वेळ धरावी, तळमजल्याची फरशी असेल तर उत्तम. बोलायचं नाही, चालायचं नाही, जोरात श्वास पण सोडायचा नाही कारण हवेचा गरम झोत मधून गेला तरी प्रकाशाचा मार्ग बदलतो. जागा बरी आहे का ते तपासायची सोपी युक्ती अशी की टेबलावर पाण्याची वाटी ठेवा, लेझरचा ठिपका पाण्यावरून छतावर पाडा आणि बघत राहा, थरथर लगेच दिसते. सिंगल बीमसाठी, म्हणजे डेनिस्युकच्या एकाच झोताला, वाळूची मोठी पेटी लागत नाही, स्कूटरची अर्धवट फुगवलेली ट्यूब आणि तिच्यावर कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा जड तुकडा एवढ्यावर काम होतं.

लेझर म्हणून 5 मिलिवॅटच्या आसपासचा लाल डायोड पुरतो, फक्त त्याच्या तोंडावरचं भिंग काढून टाकायचं. भिंग गेलं की झोत आपोआप लंबगोल पसरतो, आणि धुळीचे डाग, गोल गोल नक्षी असलं काही प्लेटवर येत नाही. प्रत्येक डायोड चालेलच असं नाही, काहींची तरंगलांबी मध्येच उडी मारते, त्यामुळे चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तापून स्थिर होऊ द्यावा लागतो. हिरवे स्वस्त पॉइंटर नवशिक्यांनी घेऊच नयेत, त्यांचा प्रकाश बऱ्याचदा एकसंध नसतो आणि काहींतून न दिसणारा इन्फ्रारेड पण बाहेर पडतो. पॉइंटरवर लिहिलेल्या पॉवरवर विश्वास ठेवू नका, आणि न पसरलेल्या झोतात कधीही डोळा घालू नका.

वस्तू टणक, जड आणि उजळ हवी. पितळेची चार-पाच सेंटीमीटरची गणपतीची मूर्ती, नाणं, शिंपला, धातूची खेळण्यातली गाडी, हे सगळं छान येतं. फूल, कापड, कागद, मऊ प्लॅस्टिक नको, ते आपल्याला स्थिर दिसतात पण लहरीच्या मापात सतत वळवळत असतात. मूर्ती एम-सीलने दगडावर पक्की करून रात्रभर सुकू द्यायची, लेझर तीस-चाळीस सेंटीमीटरवर तिरपा लावायचा, समोर काळा पुठ्ठा शटर म्हणून उभा करायचा. मग अंधार करून प्लेट लावायची, इमल्शनची बाजू वस्तूकडे (दोन्ही ओठांत प्लेटचा कोपरा हलकेच धरला की जी बाजू चिकटते ती इमल्शनची), आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बसून राहायचं, ही वाट बघणं लोक टाळतात आणि तिथेच होलोग्राम जातो. पुठ्ठा आधी टेबलापासून किंचित उचलून तसाच झोत अडवत धरायचा, दहा सेकंद थांबून मग बाजूला घ्यायचा. सिल्व्हर हॅलाइड प्लेटला (जुन्या फोटो फिल्मसारखा चांदीच्या क्षारांचा लेप असलेल्या) काही सेकंद ते अर्धा मिनिट पुरतं, केमिकल न लागणाऱ्या इन्स्टंट फोटोपॉलिमर फिल्मला पाच-दहा मिनिटं.

सिल्व्हर हॅलाइड वापरलं तर पुढे डेव्हलपर (प्रकाश पडलेला भाग काळा करणारं रसायन), पाणी, ब्लीच (तो काळेपणा घालवून प्लेट पारदर्शक करणारं रसायन), परत पाणी आणि सुकवणं. सुकेपर्यंत काहीही दिसत नाही, ओल्या जिलेटिनचे थर फुगलेले असतात, त्यामुळे घाबरून प्लेट फेकू नये. सुकल्यावर बऱ्याचदा लाल लेझरने केलेली प्रतिमा पिवळी-हिरवी दिसते कारण थर मूळच्यापेक्षा आक्रसलेले असतात. ब्लीचमध्ये बऱ्याच जुन्या कृतींत डायक्रोमेट असतं, ते विषारी आणि कॅन्सरकारक आहे, मुलांबरोबर करायचं असेल तर सरळ इन्स्टंट फिल्मच घ्यावी, महाग पडते पण तेच बरोबर. पावसाळ्यात प्लेटा डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात, जिलेटिन ओल धरतं.

बघताना एकच बारीक दिवा हवा, टॉर्च, हॅलोजन किंवा ऊन, आणि तो लेझर होता त्याच कोनातून. ट्यूबलाइटखाली प्रतिमा फिसकटते. प्लेटच्या मागे काळा रंग मारला की ती एकदम उठून दिसते. आणि रंग मारण्याआधी प्लेट उलटी करून नक्की बघा: मूर्ती आतबाहेर होते, सोंड आत खोल गेलेली दिसते, आणि आपण डोकं हलवलं की सगळी मूर्ती आपल्यामागे वळल्यासारखी वाटते.