‘तू का आलास?’ : यहुदी धर्म स्वीकारणाऱ्यांच्या वाटेमागचा इतिहास

यहुदी व्हायचं ठरवून जो रब्बीकडे म्हणजे यहुदी धर्मगुरूकडे जातो, त्याला पहिल्या भेटीत होकार सहसा मिळत नाही. ‘घाई कशाला?’, ‘तुम्हाला याची काय गरज?’, ‘विचार करून पुन्हा या.’ कधी पत्राला उत्तरच येत नाही. या वाटेने गेलेल्यांच्या कहाण्यांमध्ये हा प्रसंग हमखास भेटतो. त्यानंतर बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ अभ्यास, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळण्याची सवय, कोशर म्हणजे धर्मनियमांनुसारचा स्वयंपाक, हिब्रू प्रार्थना. शेवटी ‘बेथ दिन’ म्हणजे तिघांचं न्यायमंडळ, पुरुषासाठी सुंता, आणि ‘मिक्वे’ नावाच्या कुंडात डोक्याचा केससुद्धा पाण्यावर राहणार नाही अशी बुडी. बाहेर येणारी व्यक्ती नवं नाव घेते आणि त्या नावात अब्राहाम व सारा तिचे आईबाप होतात. या प्रक्रियेला हिब्रूत ‘गियूर’ म्हणतात.

आधी परत पाठवायचं आणि मग पोटच्या मुलासारखं जवळ घ्यायचं, ही रीत कुठून आली? यहुदी धर्माचा स्वभावच बंदिस्त आहे, असं एक सोपं उत्तर नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही, कारण जुने ग्रंथ आणि जुने कायदे शेजारी ठेवून वाचले की चित्र बरंच वेगळं दिसतं.

तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, ‘गेर’ हा शब्द येतो तो धर्मांतरितासाठी नव्हे. परमुलखातून येऊन इस्राएलांमध्ये राहिलेला, स्वतःची जमीन आणि भाऊबंद नसलेला माणूस म्हणजे गेर. त्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही गेर होता, हे बजावणं तोरामध्ये पुन्हा पुन्हा येतं. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात याची मोजदाद केली आहे: ही ताकीद ३६ वेळा आली आहे, कुणी म्हणतात ४६ वेळा. पुढच्या काही शतकांत हाच शब्द ‘यहुदी धर्मात आलेला’ या अर्थाने रूढ झाला आणि त्या ताकिदीही त्याच्याबरोबर धर्मांतरिताच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

रूथची गोष्ट या दोन अर्थांच्या मधल्या काळातली वाटते. मवाबी देशातली ही विधवा सून सासूबरोबर बेथलेहेमला निघते. सासू, तिचं नाव नामी, तिला माघारी जायला सांगते, रूथ ऐकत नाही. ‘तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव,’ एवढं बोलणं हाच तिचा सगळा विधी. न्यायमंडळ नाही, मिक्वे नाही. नंतरच्या रब्बींनी तो संवाद बारकाईने वाचला आणि नामीने ‘परत जा’ हे तीनदा म्हटलं असं मोजून दाखवलं. येणाऱ्याला तीनदा परत पाठवण्याच्या रिवाजाला आधार म्हणून हीच गोष्ट सांगितली जाते. ही रूथ दाविद राजाची पणजी, आणि शावुओत सणाला तिचंच पुस्तक वाचतात. दुसरीकडे एज्रा या धर्मशास्त्र्याच्या काळी, इ. स. पू. पाचव्या शतकात, परक्या बायका करणाऱ्यांना त्या सोडून द्यायला लावलं गेलं. त्या बायकांना धर्मात घ्यावं, असा पर्याय तिथे कुणी सुचवलेलाही दिसत नाही.

त्यानंतर दार उघडलं, आणि चांगलंच उघडलं. एक प्रकरण मात्र काळं आहे: हस्मोनी या यहुदी घराण्यातला सत्ताधीश योहान हिर्कानस याने इ. स. पू. १२५ च्या सुमारास इदोमी लोकांना जिंकलं आणि सुंता करून घ्या, नाहीतर देश सोडा, असा पर्याय दिला. हेरोद राजाचं घराणं याच लोकांमधलं. पण पहिल्या शतकातली अदियाबेनेच्या राजघराण्याची हकीकत अगदी वेगळी आहे. अदियाबेने म्हणजे आजच्या इराकचा उत्तर भाग. जोसेफस या इतिहासकाराने ती सविस्तर लिहून ठेवली आहे. राणी हेलेना आणि तिचा मुलगा इझातेस हे दोघं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या यहुदी माणसांकडून शिकत होते. इझातेसचा शिक्षक हनन्या नावाचा व्यापारी होता. इझातेस गादीवर आला, सुंता करून घेतो म्हणाला, तेव्हा आई घाबरली. परक्यांचा धर्म घेतलेला राजा प्रजा सहन करणार नाही, अशी तिला भीती. हनन्याही घाबरला. सुंतेवाचूनही देवाची भक्ती करता येते, असं त्याने राजाला समजावलं. पुढे गालिलातून एलाजार नावाचा जाणकार आला. त्याला राजा मोशेचं नियमशास्त्र वाचत बसलेला दिसला. नुसतं वाचून काय उपयोग, त्यात लिहिलंय ते कर, असं त्याने सुनावलं. राजाने त्याच दिवशी वैद्याला बोलावलं.

किती पाळलं म्हणजे यहुदी झालो, हा वाद आजही चालू आहे. तो दोन हजार वर्षांपूर्वी एका राजाच्या दालनात याच शब्दांत झाला होता. हेलेना पुढे यरुशलेमला गेली, दुष्काळात तिने मिसरमधून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर आणवून वाटले. शहराच्या उत्तरेची ‘राजांच्या कबरी’ म्हणून ओळखली जाणारी जागा बहुतेक अभ्यासकांच्या मते तिच्याच घराण्याची.

मग रोमने ते दार बाहेरून लावलं. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, १३५ मध्ये यहुद्यांचं दुसरं मोठं बंड चिरडलं गेलं. सम्राट अँटोनायनस पायसने यहुद्यांना स्वतःच्या मुलांची सुंता करायची मुभा परत दिली, पण दुसऱ्या कुणाची केली तर जबर शिक्षा. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती सम्राटांचे कायदे आले आणि यहुदी धर्मात जाणं व कुणाला घेणं, दोन्ही गुन्हे ठरले. इस्लामी राजवटींतही मुसलमानाने यहुदी होणं हा मृत्युदंडाचा गुन्हा होता. एका माणसाला आत घेतलं तर अख्ख्या वस्तीवर संकट यायचं. अशा वस्तीने परक्याला पहिल्या भेटीत मिठी मारली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

याच पार्श्वभूमीवर तालमूदमधला येवामोत भागातला प्रसंग वाचायला हवा, कारण आजचं बेथ दिन त्याच्याच चौकटीवर उभं आहे. धर्मात यायला आलेल्याला विचारायचं: काय पाहून आलास? इस्राएल आज दडपलेला, हाकललेला, पीडलेला आहे, हे तुला माहीत नाही का? तो जर म्हणाला, ‘माहीत आहे, आणि माझी तेवढी लायकी नाही,’ तर त्याला लगेच स्वीकारायचं. काही सोप्या आज्ञा सांगायच्या, काही अवघड सांगायच्या. फार लांबण लावायची नाही, फार काटेकोरपणाही करायचा नाही. मूळ विधी इतकाच. ‘लगेच’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. एका उत्तरावर उघडणारं हे दार पुढे वर्षानुवर्षांच्या परीक्षेचं झालं.

तालमूद एकाच सुरात बोलत नाही, हेही खरं. रब्बी हेल्बो म्हणतात, धर्मांतरित म्हणजे इस्राएलच्या अंगावरची खपली. या एका वाक्याने शतकानुशतकं कितीतरी लोकांना घायाळ केलं असेल. पण मध्ययुगातल्या एका भाष्यात त्याचा अर्थ कसा उलटला ते पाहा. अब्राहाम नावाचे, स्वतः धर्मांतरित असलेले विद्वान तिथे सांगतात: नव्याने आलेले लोक आज्ञा इतक्या काळजीने पाळतात की जन्माने यहुदी असलेल्यांची ढिलाई उघडी पडते, म्हणून ते बोचतात.

आणखी एक नियम आहे. धर्मांतरिताला त्याच्या पूर्वीच्या आयुष्याची आठवण करून देऊन दुखवू नये. तो तोरा शिकायला आला तर, निषिद्ध अन्न खाल्लेलं तोंड आता देवाची वाणी बोलणार का, असं म्हणू नये. ही कहाणी दुसऱ्याने काढायची नाही. सांगायची तर त्याची त्याने सांगावी. मध्ययुगातून अशा स्वतः सांगितलेल्या कहाण्या फार थोड्या उरल्या आहेत, कारण सांगणं जिवावर बेतायचं. फ्रँक सम्राट लुई द पायसच्या दरबारातला बोडो नावाचा डीकन, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ पाद्री, ८३८-३९ च्या सुमारास यहुदी झाला, एलाजार नाव घेऊन थेट स्पेनमधल्या मुस्लिम राज्यात निघून गेला आणि वाचला. १२२२ मध्ये एका डीकनने इंग्लंडमध्ये तेच केलं. त्याला ऑक्सफर्डला जाळलं.

म्हणून योहानेसची पानं अमोल आहेत. दक्षिण इटलीतल्या ओप्पिदो गावातल्या नॉर्मन घराण्यातला हा मुलगा, जुळ्यांपैकी एक, पाद्री व्हायला निघालेला. बारी या इटालियन शहराच्या आर्चबिशपने यहुदी धर्म घेतल्याची बातमी त्याच्या कानावर आली होती. ११०२ मध्ये त्याने स्वतः तेच केलं आणि ओबद्या झाला. पुढची वर्षं अलेप्पो, बगदाद, दमास्कस अशी भटकंती. बगदादेत त्याला हिब्रू शिकायला अनाथ मुलांच्या वर्गात बसवलं. मोठा झालेला, लॅटिन शिकलेला माणूस पोरांमध्ये बसून अक्षरं गिरवतोय. आजही कितीतरी धर्मांतरित आपली हीच आठवण सांगतात: सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, शेजारचं सहा वर्षांचं मूल घडाघडा वाचतं आणि आपलं बोट पहिल्याच ओळीवर अडखळतं. ओबद्याने आपली हकीकत हिब्रूत लिहिली. शिवाय चर्चमध्ये शिकलेल्या स्वरचिन्हांनी त्याने हिब्रू गीतांच्या चाली टिपून ठेवल्या. स्वरलिपीत उतरवलेलं हिब्रू संगीत याहून जुनं आजवर मिळालेलं नाही. कैरोच्या गेनिझामध्ये, म्हणजे जुने कागद टाकायच्या सिनेगॉगमधल्या खोलीत, ही पानं टिकून राहिली.

ओबद्या नावाचाच दुसरा एक धर्मांतरित त्याच शतकात मैमोनिदीस या थोर यहुदी विद्वानाला पत्र लिहितो. अडचण साधी, पण काळजाला भिडणारी: प्रार्थनेत ‘आमचा देव आणि आमच्या पूर्वजांचा देव’ असं येतं. माझे पूर्वज तर हे नव्हते. मी काय म्हणू? तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या संहितेत धर्मांतरिताने ‘इस्राएलच्या पूर्वजांचा देव’ म्हणावं असं मत आहेच. मैमोनिदीसने उत्तर दिलं की एक अक्षर बदलू नकोस. अब्राहामाच्या वाटेने जाणारा प्रत्येक जण त्याचा शिष्य आणि त्याच्या घरातला आहे. आमची वंशावळ अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्यापाशी जाते, तर तुझी थेट जगाच्या निर्मात्यापाशी. याच ओबद्याला त्याच्या गुरूने एका वादात मूर्ख म्हटलं होतं. त्या गुरूनेच क्षमा मागायला हवी, असंही मैमोनिदीसने स्पष्ट कळवलं. त्याच्या आधीच्या पिढीतला कवी आणि तत्त्वज्ञ यहूदा हलेवी मात्र, खजर लोकांच्या राजाच्या धर्मांतरावर आख्खा ग्रंथ रचूनही, जन्माने यहुदी आणि धर्मांतरित यांत फरक मानत होता. आजच्या रब्बींमध्येही दोन्ही सूर ऐकू येतात.

आधुनिक काळात जिवाचा धोका कमी झाला, पण घरच्यांचा धक्का तसाच राहिला. यरुशलेमसाठी अमेरिकेचा पहिला कॉन्सल म्हणून १८४४ मध्ये नेमला गेलेला वॉर्डर क्रेसन १८४८ मध्ये यहुदी झाला. फिलाडेल्फियाला परतल्यावर बायकोमुलांनी त्याला वेडा ठरवण्यासाठी कोर्ट गाठलं. १८५१ मध्ये तो खटला जिंकला आणि यरुशलेमला कायमचा निघून गेला. इटलीच्या सान निकान्द्रो गावात दोनातो मान्दुझियो या अपंग माजी सैनिकाने १९३० च्या सुमारास बायबल वाचून ठरवलं की आपण यहुदी व्हायचं. जगात यहुदी अजून आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं! कुणीतरी सांगितल्यावर त्याने रोमच्या रब्बीला लिहिलं. सुरुवातीला दाद लागली नाही. देशात १९३८ चे वंशभेदी कायदे आले तरी या शेतकऱ्यांनी शब्बाथ सोडला नाही. १९४६ मध्ये त्यांना रीतसर धर्मात घेतलं गेलं आणि १९४९ मध्ये बहुतेक जण इस्राएलला गेले. मान्दुझियो आदल्याच वर्षी वारला होता.

विसाव्या शतकात वाटा फुटल्या. अमेरिकेतल्या रिफॉर्म या उदारमतवादी पंथाच्या रब्बींनी १८९३ मध्येच सुंता वगैरे प्रवेशविधी अनिवार्य नाहीत असं ठरवलं होतं. १९७८ मध्ये त्यांचे नेते अलेक्झांडर शिंडलर यांनी धर्माच्या शोधात असलेल्यांना आपणहून बोलवायला हवं, असं जाहीर आवाहन केलं. उलट टोकाला, अर्जेंटिनात १९२७ मध्ये धर्मांतरावर बंदी घोषित झाली, आणि ब्रुकलिनच्या सिरियन यहुद्यांनी १९३५ मध्ये धर्मांतरितांना समाजात न घेण्याचा ठराव केला. दोन्हीकडे भीती एकच होती, लग्नासाठी होणाऱ्या धर्मांतराची. तालमूद तरी म्हणतो की कारण लग्नाचं असलं तरी झालेलं धर्मांतर मोडत नाही.

इस्राएलमध्ये हा प्रश्न सरकारी कागदावर आला. १९७० मध्ये, यहुद्यांना इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या ‘परतीच्या कायद्यात’ यहुदीची व्याख्या घातली गेली: यहुदी आईच्या पोटी जन्मलेला, किंवा धर्मांतर केलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. धर्मांतर कुणाच्या हातून झालेलं, ते मात्र लिहिलं नाही. पुढचे बरेच खटले त्या न लिहिलेल्या शब्दांवरचे आहेत. इथिओपियाहून आलेल्यांना १९८० च्या दशकात मिक्वेमध्ये प्रतीकात्मक बुडी घ्यायला सांगितलं, तेव्हा ते रस्त्यावर उतरले. आम्ही यहुदीच आहोत, मग धर्मांतर कसलं, हा त्यांचा सवाल होता. सोव्हिएत संघातून आलेल्या लाखो लोकांचे वडील किंवा आजोबा यहुदी होते, पण आई नव्हती. त्यांच्यासाठी धर्मांतर न्यायालयं उभी राहिली, रब्बी हाइम द्रुकमन यांनी हजारोंना धर्मात घेतलं.

आणि मग २००८ चा निकाल आला. एक स्त्री घटस्फोटासाठी धार्मिक न्यायालयात गेली होती. पंधरा वर्षांपूर्वी तिचं धर्मांतर झालं होतं, मुलं झाली होती. न्यायाधीशांनी तिला शब्बाथ पाळतेस का विचारलं आणि तिचं धर्मांतरच रद्द ठरवलं. उच्च धार्मिक न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि द्रुकमन यांनी १९९९ पासून केलेल्या सगळ्याच धर्मांतरांवर प्रश्नचिन्ह लावलं. मागच्या आयुष्यावरून दुखवू नका म्हणणाऱ्या परंपरेच्याच नावाने हे झालं, याचा मला आजही संताप येतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती धर्मांतरं वैध ठरवली.

मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला. तो अर्ज २००५ पासून पडून होता. इस्राएलमध्ये रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (मध्यममार्गी पंथाच्या) रब्बींकडून झालेलं धर्मांतर नागरिकत्वासाठी धरलं जाईल. लग्नाचा अधिकार मात्र मुख्य रब्बींच्या कार्यालयाकडेच राहिला. त्यामुळे एकाच देशात तीच व्यक्ती गृहखात्याच्या नोंदीत यहुदी असते आणि रब्बींच्या नोंदीत नसते. अशी जोडपी लग्नासाठी बहुधा विमानाने सायप्रसला जातात, आणि परतल्यावर गृहखातं ते लग्न नोंदवून घेतं.