रेकॉर्डिंग फुटतंय? तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावून बघा

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पुण्यात हे सुरू झालं. टीव्ही लाइव्ह बघताना चित्र स्वच्छ, पण आईने रात्रीची मालिका रेकॉर्डला लावली की दुसऱ्या दिवशी त्यात नुसते चौकोन, आवाज तुटतोय, मधेच चित्र गोठतंय. जो तो म्हणाला बॉक्सची हार्ड डिस्क गेली, नवीन घ्या. पण लगेच पैसे घालवू नका, कारण रेकॉर्डिंगवाल्या सेट टॉप बॉक्समध्ये बिघाड शोधायची एक सोय असते जी साध्या बॉक्सला नसते.

चित्र फुटलं तिथून थोडं मागे जा आणि तेवढाच भाग दोन-तीनदा बघा. दरवेळी त्याच वाक्याला फुटत असेल तर बहुतेक वेळा डिस्कवर लिहितानाच सिग्नल खराब आलेला असतो. डिस्कचा एखादा तुकडा खराब झाला तरी एकाच जागी अडकू शकतं, पण मग ते ठरावीक चॅनलपुरतं राहत नाही. आमच्याकडे काही चॅनलची रेकॉर्डिंगं ठणठणीत होती आणि काहींचीच फुटत होती.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. छत्रीच्या पुढे जो एलएनबी (उपग्रहाच्या लहरी पकडून केबलमध्ये सोडणारा डबा) असतो त्याला वीज बॉक्सच पुरवतो, तीही त्याच केबलमधून, आणि त्या विजेतूनच निरोपही देतो. 13 व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या (म्हणजे उभ्या दिशेत थरथरणाऱ्या) लहरी घेतो, 18 दिले की आडव्या, चॅनल या दोन गटांत वाटलेले असतात. आता केबलचा सांधा गंजला तर 18 व्होल्ट वर पोचेपर्यंत घसरतात, साधारण 15 च्या खाली गेले की एलएनबीला वाटतं 13 च आलेत, आणि आडव्या गटातले चॅनल गायब. लाइव्ह एक आणि रेकॉर्डला दुसरं असं चालायला बॉक्समध्ये दोन ट्यूनर (चॅनल पकडणारे भाग) लागतात आणि दोघांना आपापले व्होल्ट पाठवायचे असतात, म्हणून आमच्यासारख्या बॉक्सला गच्चीवरून दोन केबल येतात. एक केबल वाचवायला बरेच जण मधे स्वस्तातला स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) टाकतात, तिथे नेमकी हीच गडबड होते.

मी बॉक्स बंद करून पिन काढली (चालू असताना केबल काढू नका, केबलची मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होतो) आणि मागच्या दोन केबलची अदलाबदल केली. आधी बॉक्सच्या मेनूत ट्यूनर 2 ची सिग्नल क्वालिटी कमी दिसत होती, आता ट्यूनर 1 ची कमी झाली. म्हणजे बॉक्स निर्दोष, रोग केबलबरोबर सरकला. मग गच्चीवर एलएनबीकडची टोकं बदलली, तरी खराबी त्याच केबलला चिकटून. सापडलं!

त्या केबलच्या एलएनबीकडच्या कनेक्टरवरचं रबरी टोपण खाली घसरलं होतं. कनेक्टर फिरवून काढला तर आतून पाण्याचा थेंब आला, जाळी काळी पडलेली, आणि मधली तार हिरवट, टोकाला तांबूस गंज. या केबलची मधली तार बहुतेक वेळा पोलादी असते, वर फक्त तांब्याचा मुलामा, त्यामुळे कापलेल्या टोकाला पोलाद उघडंच राहतं आणि पाणी लागलं की गंजतं.

मेनूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात, त्यातला क्वालिटीचाच धरा. स्ट्रेंग्थमध्ये नुसता गोंगाटही मोजला जातो, ती 80 टक्के दाखवत असतानाही चित्र फुटू शकतं. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय सिग्नलमध्येच असते म्हणून क्वालिटी घसरत असताना काहीच कळत नाही, आणि एक हद्द ओलांडली की एकदम सगळं कोसळतं. छत्री जरा हलली तरी तेच. पुण्यातून डीडी फ्री डिशवाला जीसॅट-15 उपग्रह आग्नेयेला साधारण 59 अंश वर आहे, आणि 60 सेंटीमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम 3 अंश रुंद असते, गच्चीवर वाळत घातलेल्या गोधडीचा धक्कासुद्धा पुरतो.

मुसळधार पावसात मात्र तुमचा काही दोष नसतो. या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटीमीटर, त्यांना पावसाचे मोठे थेंब शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात, सर ओसरली की चित्र परत येतं. म्हणून रेकॉर्डिंग फुटल्याची वेळ लिहून ठेवा आणि तेव्हा पाऊस होता का ते आठवा. आमच्याकडे कोरड्या रात्रीही फुटत होतं.

मी खराब झालेली टोकाची वीतभर केबल कापली, नवा कनेक्टर लावला, टोपण घट्ट बसवून वर टेप गुंडाळली, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोल ठेवला म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच खाली ठिबकतं. त्या रात्री दोन्ही ट्यूनरची क्वालिटी सारखी दिसली, आणि आईने सकाळी चहा घेत अख्खा भाग न थांबता बघितला.