अँटीव्हायरस कोणता टाकू? या प्रश्नाची पार्श्वभूमी

नवा पीसी घेतला की दुकानदार आजही विचारतो, "अँटीव्हायरस टाकून देऊ ना?" ही सवय ज्या काळात लागली, तेव्हा विंडोजमध्ये व्हायरस पकडण्याची स्वतःची सोयच नव्हती.

पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन', १९८६ सालचा. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला आणि त्यात चक्क स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले. आपल्या सॉफ्टवेअरच्या नकला होऊ नयेत म्हणून तो केला, असं त्यांचं म्हणणं. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसून तो या मशीनवरून त्या मशीनवर जायचा. त्यावर उपाय म्हणून निघालेले अँटीव्हायरस ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी बाळगायचे आणि फाइली तिच्याशी ताडून बघायचे. यादी जुनी झाली की संरक्षण संपलं. दर वर्षी पैसे भरून 'रिन्यू' करण्याची पद्धत या यादीपायीच रुजली.

इथे पुण्याचा थेट संबंध येतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील बाजारात आणलं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांमध्ये व्हायरस सापडायचे, ते काढायला संजय प्रोग्रॅम लिहायचे, आणि त्यातून उत्पादन उभं राहिलं. महाराष्ट्रात घरोघरी हे नाव पोचलं ते जाहिरातींइतकंच गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यांमुळे, असं मला वाटतं.

फायरवॉलची, म्हणजे नेटवरून नको ती कनेक्शनं आत येऊ न देणाऱ्या पहारेकऱ्याची गोष्ट वेगळी. मशीन नेटला जोडलेलंच नसेल तर घरी फायरवॉल हवी कशाला? ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा नेटवरून आपणहून पसरणारा व्हायरस आला आणि चित्र बदललं. याला ना फ्लॉपी लागे, ना कुठली फाइल उघडावी लागे. विंडोज एक्सपी नेटला जोडलं, की १३५ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे नेटवरून मशीनमध्ये यायच्या एका दारातून तो आत. मग पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी आणि मशीन रीस्टार्ट. डायल-अपवर दुरुस्तीची फाइल उतरवायला घ्यावी, तर ती पूर्ण होण्याआधीच मशीन बंद! गंमत म्हणजे एक्सपीमध्ये फायरवॉल पहिल्यापासून होती, पण नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कुठेतरी दडलेली आणि बहुतेकांकडे बंद. म्हणून लोक झोनअलार्म ही वेगळी फायरवॉल टाकायचे. ते प्रत्येक प्रोग्रॅमसाठी परवानगी विचारायचं आणि आठवडाभरात माणूस न वाचता 'यस' दाबायला लागायचा. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने विंडोजची फायरवॉल मुळातच चालू ठेवली. पुढे ब्रॉडबँडचे राउटर आले. बाहेरून न मागवता आलेलं कनेक्शन ते आतल्या मशीनपर्यंत सहसा पोचू देत नाहीत. घरापुरता फायरवॉल निवडण्याचा प्रश्न खरं तर तेव्हाच निकालात निघाला.

मधल्या काळात पेन ड्राइव्हने उच्छाद मांडला. सायबर कॅफेतून आणलेल्या ड्राइव्हवर खरं फोल्डर लपवलेलं असायचं आणि त्याच नावाची, पिवळ्या फोल्डरचंच चित्र लावलेली ईएक्सई फाइल, म्हणजे प्रोग्रॅम, समोर. डबल क्लिक केलं की काम तमाम.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स हे अँटीव्हायरस फुकट दिलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आतच बसवला. आज दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. साहजिकच विकणाऱ्यांना व्हीपीएन (नेटवरची ये-जा झाकणारी सोय), मुलांसाठी पालक-नियंत्रण, सुरक्षित बँकिंग अशी पॅकेजं बांधावी लागली. फुकटवाल्यांची कमाई कुठून, हेही पुढे दिसलं. वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) अवास्ट या फुकट अँटीव्हायरसच्या कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी रशियाशी असलेल्या संबंधांचं कारण देऊन अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली. मशीनच्या कानाकोपऱ्यात शिरायची मुभा आपण कोणाला देतोय, हा मुद्दा अँटीव्हायरसच्या चाचण्यांतल्या गुणांइतकाच मोठा झाला.

मे २०१७ च्या वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याने ज्या भोकातून शिरकाव केला, ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. फटका बसला तो प्रामुख्याने अपडेट न केलेल्या मशीनांना. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे असे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरचा जुना पीसी विंडोज ११ घेत नसेल, तर पैसे अँटीव्हायरसवर घालण्याआधी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी झाली आहे का, ते बघावं.