दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं गाणं

स्वतःच गाणी लिहून, चाल लावून गाणारी पोरं आता कोल्हापुरातही दिसतात. भीती, एकटेपणा, घरच्यांशी न जमलेलं बोलणं, सगळं ती गाण्यात उघड मांडतात. हे मुंबई-पुण्याचं वारं आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. या गावात आतली घुसमट गाण्यातून फार आधीपासून वाट काढत आली आहे. फक्त ती सहसा दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडायची.

अल्लादिया खाँसाहेब १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या पदरी आले. गवयाचा जीव हादरावा अशी वेळ त्याआधीच त्यांच्यावर येऊन गेली होती. गाऊन गाऊन आवाज गेला, आणि परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी, पेचदार गायकी घडवली. 'अहमदपिया' या मुद्रेनं, म्हणजे गाण्यात गुंफलेल्या टोपणनावानं, बंदिशीही बांधल्या. त्यांच्या जयपूर-अत्रौली या गायन घराण्याचं वेगळेपण त्या संकटातून आलं, हे पुन्हापुन्हा सांगायला हवं.

सिनेमा आल्यावर कविता लिहिणाऱ्याची सोय झाली आणि अडचणही. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने इथेच केला. पुढे गीतकाराला प्रसंग सांगायचा, कधी चाल ऐकवायची आणि शब्द मागायचे, हा धंद्याचा रिवाज झाला. गाण्यातला 'मी' पात्राचा. लिहिणाऱ्यानं आपलं दुःख घरी ठेवून यायचं.

गीतकार जगदीश खेबुडकरांना ते घरी ठेवता आलं नाही, कारण घरच जळालं होतं. हळदी गावचा हा मुलगा १९४८ मध्ये सोळा वर्षांचा होता. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचं घर गेलं आणि त्या राखेतून पहिली कविता आली: 'मानवते तू विधवा झालीस'. घर जाळणाऱ्यांना शिव्या घालण्याऐवजी पोरगा माणुसकीचं सुतक धरतो, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच जाळपोळीत सिनेदिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओही पेटला होता. पुढे १९६५ मध्ये भालजींच्या 'साधी माणसं'साठी खेबुडकरांनी 'ऐरणीच्या देवा' लिहिलं. लोहाराच्या घरातलं गाणं; त्यात आगीची ठिणगी देवाला फुलासारखी वाहिली आहे. आगीनं घर गमावलेल्या माणसाच्या लेखणीतून ही ओळ आली. त्यांनी ते मुद्दाम केलं असा दावा मी करणार नाही, पण ते गाणं मला त्या राखेपासून वेगळं ऐकताच येत नाही.

खेबुडकर पेशानं शिक्षक. 'मला हो म्हणतात लवंगी मिरची' या लावणीचा ठसका त्यांनी १९६२ मध्येच 'रंगल्या रात्री अशा' सिनेमात दाखवला होता. दहा वर्षांनी 'पिंजरा' आला, आणि त्यात तमाशाच्या फडाच्या नादानं घसरत जाणारा नायकही मास्तरच. मास्तरानं मास्तराच्या अधःपतनाची गाणी लिहिली. तिथं पात्र कुठं संपतं आणि लिहिणारा कुठं सुरू होतो, हे सांगणं कठीण आहे.

३ मे २०११ रोजी ते कोल्हापुरातच गेले. आजची पोरं वेगळं करतात ते एवढंच, की त्यांना आड उभं राहायला ना लोहारीण लागते, ना तमाशातला मास्तर. ती 'मी' म्हणतात आणि तो त्यांचाच असतो. त्याला धाडस लागतं, कारण गाणं पडलं तर ते पात्राच्या अंगावर ढकलता येत नाही.