जुन्या इंग्रजी छापील बश्यांची ओळख पटवून घेताना

निळ्या नक्षीची जुनी इंग्रजी बशी कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची आणि किती किमतीची, असे विचारणारे बहुतेक ग्राहक आम्हांला पुढच्या बाजूचा एकच फोटो पाठवतात. तेवढ्यावरून उत्तर देता येत नाही आणि उरलेले फोटो मागवण्यात दोघांचाही वेळ जातो.

अडचण या बश्या बनवण्याच्या पद्धतीतच आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर उतरवून तो कागद एकदा भाजलेल्या बशीवर घासून बसवत, मग धुऊन काढत आणि ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) चढवून बशी पुन्हा भाजत. कोरलेले पत्रे एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे विकले जात, शिवाय नक्षीची नक्कलही सर्रास होई. त्यामुळे पूल आणि दोन पक्ष्यांची ‘विलो’ नक्षी स्पोड या कारखान्याने छापली तशीच इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील इतर असंख्य कारखान्यांनीही छापली. फिकट निळ्या ‘एशियाटिक फेझंट्स’ या नक्षीचेही तसेच.

कारखाना कळतो तो मागच्या बाजूने, तोही जपून पाहिल्यास. पट्टीत छापलेले नाव बहुधा नक्षीचे असते, कारखान्याचे नव्हे. राजचिन्ह अनेक कारखानदार वापरत, तेव्हा ते दिसले म्हणून बशी राजवाड्यातली ठरत नाही (हा समज मात्र फार चिवट आहे). १८४२ ते १८८३ या काळातील पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या शिक्क्यावरून नक्षीच्या नोंदणीची तारीख कळते. बशी त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते. ‘इंग्लंड’ हा शब्द साधारणपणे १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने मालावर देशाचे नाव सक्तीचे केले.

म्हणून पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू आणि शिक्का जवळून, असे तीन फोटो पाठवावेत. रंगाविना नुसता दाबून उठवलेला शिक्का तिरक्या उजेडातच दिसतो. काठावरच्या नक्षीतील सांधा किंवा भट्टीतील टेकूंचे तीन बारीक व्रण हे दोष नव्हेत. त्यांमुळे आम्ही किंमत कमी धरत नाही. फोटोसाठी बशी ब्लीचने उजळू नये, कारण ते ग्लेझच्या भेगांतून आत मुरते आणि पुढे ग्लेझचे पापुद्रे सुटू शकतात. डाग काढण्याचे काम आम्ही करतो.

ओळख पटवण्याचे शुल्क आम्ही आगाऊ घेतो, कारण खरा वेळ शिक्के ताडून पाहण्यातच जातो. सेटमधील हरवलेल्या बशीच्या जागी आमच्याकडून दुसरी घेतल्यास हे शुल्क बिलातून वजा केले जाते.