डिटर्जंट, उंदीर आणि रक्तातली चरबी

टँकरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत भांडी नीट घासली जातात, पण विसळायला जेमतेम एक बादली मिळते. ताटाला राहिलेला साबण पोटात जातो त्याचं काय, हा प्रश्न मग पडतोच. त्यात ‘डिटर्जंटमुळे उंदरांचं कोलेस्टेरॉल वाढतं’ असं कुठं वाचण्यात आलं की घोर लागतो. वाक्य खोटं नाही. मात्र त्यातला डिटर्जंट भांड्यांचा नव्हे, आणि उंदरांना तो खायला घातलेलाही नसतो. भांड्या-कपड्यांच्या पावडरीत बहुतेक वेळा लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट असतं. त्याचा अंश पोटात गेलाच तर शरीर त्याची मोडतोड करून लघवी-शौचावाटे तो बाहेर टाकतं. ताट चांगलं विसळावं हे खरंच, पण कोलेस्टेरॉलची ती गोष्ट निराळी आहे.

त्या गोष्टीतल्या डिटर्जंटचं नाव ट्रायटन डब्ल्यूआर-१३३९, म्हणजेच टायलोक्सापॉल. १९५०च्या दशकापासून औषधांच्या प्रयोगशाळांत ते मुद्दाम वापरलं जातं. पांढऱ्या उंदराला रात्रभर उपाशी ठेवतात आणि सकाळी शेपटीच्या शिरेतून ट्रायटनचं इंजेक्शन देतात. उपाशी उंदराचं रक्त गोठल्यावर वर जे सीरम राहतं ते एरवी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. इंजेक्शननंतर काही तासांनी काढलेलं सीरम मात्र दुधाळ, गढूळ होतं. तो दुधाळपणा ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे चरबीचा.

उंदरानं तर काही खाल्लेलं नाही. मग ही चरबी आली कुठून?

यकृतातून. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून यकृत तिच्याभोवती प्रथिनांचं आवरण घालून तिचे सूक्ष्म कण रक्तात सोडत असतं. उपाशीपोटीही हे काम थांबत नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम चिकटलेलं असतं. ते या कणांमधल्या ट्रायग्लिसराइडचे तुकडे करतं आणि पेशी ते उचलून घेतात. ट्रायटनचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, त्यामुळे एन्झाइमला कणापर्यंत पोचता येत नाही. आवक चालूच, उचल बंद. बाजार समितीत माल येतोय आणि हमालांचा संप आहे, तशी अवस्था.

मला या प्रयोगात सगळ्यात सुंदर वाटतं ते पुढचं. उचल पूर्ण बंद असेल तर रक्तात दर तासाला जितकी चरबी वाढते, तितकीच यकृतानं त्या तासात सोडलेली असणार. यकृताचा चरबी सोडण्याचा वेग एरवी मोजणं अवघड, कारण चरबी येतानाच खर्चही होत असते. ठरावीक वेळानं रक्ताचे थेंब घेऊन आलेख काढला की तो वेग मिळतो. ट्रायटनमुळे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याचं कामही वाढतं. साधारण २४ तासांनी रक्तातली चरबी शिगेला पोचते आणि नंतर उतरू लागते.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे फार्मसी शिकणाऱ्या मुलामुलींना हे मॉडेल ओळखीचं असेल. एखाद्या वनस्पतीचा अर्क उंदराला आधी पाजायचा, मग ट्रायटन द्यायचं आणि चरबी कमी चढली का ते पाहायचं, हा प्राथमिक चाळणीचा सोपा, स्वस्त मार्ग. आक्षेप आहे तो याच्या पुढच्या उडीला. असा एखादा निकाल हाताशी धरून ‘कोलेस्टेरॉल कमी करणारा काढा’ विकला जातो तेव्हा रुग्णाची फसवणूक होते आणि कुणीतरी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून बसतो. इथं उचलच अडवलेली असल्यामुळे उचल वाढवणारं औषध या चाचणीत नीट पारखलं जात नाही. शिवाय उंदराचं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएल (ज्याला ‘चांगलं’ म्हणतात त्या) कणांत असतं, माणसाचं एलडीएल (‘वाईट’) कणांत. एक-दोन दिवसांच्या चढउताराचा आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या थराचा संबंध जोडायला याहून खूप जास्त पुरावा लागतो.

फेस करणारा पदार्थ शिरेतून न जाता तोंडावाटे गेला तर चित्र पालटू शकतं. रिठ्यात, हिंगणबेटाच्या गरात, जनावरांपुढं टाकल्या जाणाऱ्या लसूणघासात सॅपोनिन असतात. हे निसर्गाचे डिटर्जंट. रक्तात थेट मिसळले तर तांबड्या पेशी फोडतात. पण १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना आहारातून लसूणघासातले सॅपोनिन दिले तेव्हा आतड्यातून कोलेस्टेरॉलचं शोषण घटलं आणि रक्तातलं प्रमाणही उतरलं. पित्ताचे क्षार हेही डिटर्जंटच, यकृतानं कोलेस्टेरॉलपासून बनवलेले. तुपाचा घास त्यांच्यामुळेच पचतो. (उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशय नसतं, त्याचं पित्त सतत आतड्यात झिरपत राहतं. माणसाशी तुलना करताना हाही फरक आहेच.)

अलीकडचं लक्षवेधी काम अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातलं, २०१५ सालचं. तिथं छोट्या उंदरांना (माउसना) १२ आठवडे पिण्याच्या पाण्यातून १ टक्का पॉलिसॉर्बेट ८० दिलं; तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा, खाद्यपदार्थांत घातला जाणारा हा डिटर्जंटसारखाच पदार्थ. आतड्याच्या भिंतीवरच्या श्लेष्माच्या थरात जंतू आत शिरले, सौम्य सूज आली, उंदरांच्या अंगावर चरबी चढली आणि साखरेचं नियंत्रण बिघडलं. ज्या उंदरांच्या आतड्यात जन्मापासून जंतूच नव्हते, त्यांच्यात हा बिघाड दिसला नाही. इथं रक्तातल्या कणांवर काही जाऊन बसलेलं नाही. जंतूंमार्फत चयापचय बदललाय. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत आयएनएस ४३३ असा (खाद्यपदार्थांत मिसळलेल्या पदार्थाचा) क्रमांक असेल तर ते हेच पॉलिसॉर्बेट ८०. उंदरांना ते बारा आठवडे रोजच्या पिण्याच्या पाण्यातून मिळत होतं, आपल्या पोटात ते अधूनमधून घासाघासानं जातं. या दोन्हींतलं अंतर माणसांवरच्या दीर्घ चाचण्यांनीच मोजता येईल.