काटा वर गेला म्हणजे चरबी वाढली असे नाही

वजने उचलायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा एखाद-दोन किलोंनी वर सरकतो आणि ‘चरबी वाढली’ म्हणून अनेकजण जेवण तोडतात. तसे करू नका. स्नायू बांधायला लागणारी प्रथिनेच कमी पडतील. वाढते ते मुख्यतः पाणी. ताण पडलेल्या स्नायूंत दुरुस्तीदरम्यान ते साठते; शिवाय स्नायू ग्लायकोजेन (ऊर्जेसाठी साठवलेली साखर) जास्त साठवू लागतात, त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरतात. व्यायामासाठी क्रिएटिन हे पूरक घेत असाल, तर त्याने आणखी भर पडते.

रोज सकाळी शौचानंतर उपाशीपोटी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. कंबर तेवढीच असेल तर खाणे बदलू नका. असह्य दुखणे, सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.